बिनपंख्याचा कॉम्प्युटर

सरांच्या घरातला कॉम्प्युटर अभ्यासाच्या टेबलावर नव्हता. तो दिवाणखान्यात, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, काकूंच्या काचेच्या पेल्यांना खेटून बसवलेला होता. जुने सिनेमे, गाणी, घरचे फोटो असं सगळं त्यात भरलेलं असे आणि वरच्या टीव्हीवर दिसे. सरांच्या भाच्याने तो सुटे भाग आणून स्वतः जोडून दिला होता आणि जाताना सांगितलं होतं, "मामा, याच्याकडे आता काही बघावं लागणार नाही." ज्या वस्तूबद्दल हे वाक्य उच्चारलं जातं तिच्याकडे पुढे जन्मभर बघत बसावं लागतं, हा अनुभव काही सरांना एकट्यालाच आलेला नाही.

या कॉम्प्युटरच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग होता. चित्र रंगवायचं काम त्याचं. एखादं मूल जीव ओतून चित्र काढायला लागलं की त्याचे कान कसे तापतात, तसं हे कार्डही कामाला लागलं की तापे. ते गार राहावं म्हणून त्याच्या डोक्यावर वाटीएवढा पंखा बसवलेला होता, आणि तो पंखा आवाज करायचा. फार मोठा नाही. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा, घूंऽऽ. दोन-तीन वर्षं त्या आवाजाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. संसारात माणूस याहून मोठे आवाज चालवून घेतो, असं काकू म्हणत, आणि म्हणताना सरांकडे बघत.

मग अक्काची टेप आली.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण आणि त्या भाच्याची आई. नवरा गेल्यावर इतकी वर्षं ती एकटीच राहत होती. आता घर आवरून ती लांब मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. कपाट रिकामं करताना तिला नवऱ्याच्या जुन्या व्हिडिओ टेप सापडल्या. त्या तिने धाकट्या भावाकडे पाठवून दिल्या. तुझ्याकडे ती मशीनं आहेत, तू बघ त्यात काय आहे, नाहीतर टाकून दे, असा निरोप होता.

सरांनी फोटो स्टुडिओतून त्या टेप कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या. बहुतेकांत नुसत्या मुंग्या. एकीत मात्र बाबा निघाले.

सरांचे बाबा पुस्तकं बांधायचे. बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. टेपमध्ये ते त्याच दुकानात, नेहमीच्या टेबलाशी बसलेले दिसत होते. समोर सुट्या पानांची चळत, हातात सुई. चळतीतल्या वरच्या पानाचा कोपरा सारखा फडफडत होता आणि बाबा तो तळव्याने दाबून धरत होते. मग एकदम ते मान वर करतात, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघतात, काहीतरी बोलतात आणि पुन्हा सुईत डोकं घालतात. संपलं. बाबांचं चालतंबोलतं चित्र जगात एवढंच.

काय बोलतात ते मात्र ऐकू येत नव्हतं. मुळात बाबांचा आवाज बारीक, आणि त्यावर ही शोकेसमधली घूंऽऽ.

हे वाक्य सरांच्या जिवाला का लागलं, ते समजून घ्यायला हवं. बाबा शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. सर शाळेत पहिले आले तेव्हा बाबा "हं" म्हणाले होते. शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा "बरं". पहिल्या पगारातून सरांनी दुकानासाठी टेबलफॅन नेला तेव्हा त्यांनी "कशाला?" एवढंच विचारलं होतं. अशा माणसाचं सात-आठ शब्दांचं अखंड वाक्य सापडलं होतं, आणि ते पंख्याने गिळलं होतं.

सरांनी अक्काला फोन केला. टेपमध्ये काय आहे ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "जाताना वाट वाकडी कर आणि दोन दिवस माझ्याकडे उतर. तुला एक दाखवायचंय. ऐकवायचंयसुद्धा." अक्का बरं म्हणाली. या वयात ती इतक्या लांब गेली की पुन्हा कधी यायची, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, कानाला हेडफोन लावायचे की. काकूही हेच म्हणाल्या होत्या. सरांनी लावून पाहिले, तर घूंऽऽ उलट जास्तच जवळून ऐकू आली. दुसरा कोणी असता तर इथे थबकला असता. पण सरांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं, आणि ज्याला पुष्कळ कारणं माहीत असतात त्याला चुकीचं कारण चटकन सापडतं. ते म्हणाले, "सरळ आहे. पंख्याची कंपनं वायरीतून कानात येतायत. पाचवीच्या मुलांना आपण काडेपेटीचा टेलिफोन करायला लावतो, तेच तत्त्व." काकूंनी तो टेलिफोन कधी केला नव्हता, त्यामुळे त्यांनी हेडफोन डब्यात परत ठेवले.

शत्रू नक्की झाला. पंखा.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरून आला. तिथे विम्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. कुठल्याही विषयावर ते "बिनतोड उपाय सांगतो" अशी सुरुवात करत, म्हणून सगळी इमारत त्यांना बिनतोड म्हणे. त्यांना ती पदवी वाटे. ते म्हणाले, शिवणयंत्राचं तेल. सरांनी तेल घातलं. ते किती घालायचं हे बिनतोडांनी सांगितलं नव्हतं. पंखा सुरू झाल्याबरोबर त्याने ते आतल्या सगळ्या भागांना सारखं वाटून दिलं आणि उरलेलं पेल्यांवर शिंपडलं. आवाज बदलला, हे मान्य करायला हवं. आधी भुंगा होता, आता घोरणारा म्हातारा झाला.

मग सरांनी पंखाच काढून टाकला. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, याला अभिसरण म्हणतात. निसर्ग स्वतःच पंखा असताना दुसरा हवा कशाला, असं त्यांचं म्हणणं. निसर्गाने थोडा वेळ काम केलं. मग टेप सुरू करायच्या आतच पडद्यावर थांबवून ठेवलेल्या बाबांचा चेहरा हिरवा झाला, त्यावर आडव्या जांभळ्या रेघा उठल्या आणि कॉम्प्युटर एक उसासा टाकून बंद पडला.

मग भाच्याला फोन केला. त्याने समजावलं की पंखा काढायचा तर त्या जागी धातूचा एक ठोकळा बसवावा लागतो. तांब्याच्या नळ्या कार्डाची उष्णता ओढून घेतात आणि पातळ पातळ पत्र्यांना देतात; पत्रे इतके असतात की ती हवेत पसरून जाते. आवाज शून्य. "अरे म्हणजे वहन आणि अभिसरण," सर म्हणाले, "आठवीचा धडा!" भाचा म्हणाला, "हो मामा, पण तुम्ही नका बसवू. तिथल्या कोणाला तरी बोलवा." हे दुसरं वाक्य सरांच्या फोनला ऐकू आलं नाही.

ठोकळा मागवला. तो पार्सल ऑफिसात येऊन अडकला.

खिडकीतल्या कारकुनाने खोका उघडून ठेवला होता. नळ्या आणि पत्रे बघून त्याने मत बनवलं होतं की हा गाडीचा रेडिएटर आहे. गाडीच्या भागांची खिडकी वेगळी आणि ती उघडायचा वार वेगळा. सरांनी सांगितलं की हा कॉम्प्युटरचा भाग आहे. कारकून म्हणाला, माझ्यासमोर हा कॉम्प्युटर आहे, कुठे आहेत याला नळ्या? एखाद्याला शंका असली की सरांना राग येत नसे, उमाळा येई. त्यांनी कारकुनाच्याच कपातल्या चहात स्टीलचा चमचा उभा करायला लावला आणि त्याचं वरचं टोक धरायला सांगितलं.

"काय जाणवतंय?"

"काही नाही," कारकून म्हणाला. "तुमच्याशी बोलता बोलता चहा कधीच गार झाला."

मागची रांग हसली. वर्गात प्रयोग फसला की मुलं हसतात तशी, आणि सरांना ते जास्त लागलं. शेवटी कारकुनाने तोडगा काढला आणि सरांकडून लिहून घेतलं की सदर वस्तू हे वाहन नाही, वाहनाचा भाग नाही, आणि तिच्यामुळे कोणतेही वाहन चालत नाही. सर सही करून, ठोकळा छातीशी धरून घरी आले.

कार्ड आणि ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावायचं असतं, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. किती लावायचं, तर मुगाच्या दाण्याएवढं. मदतीला आलेले बिनतोड म्हणाले, उष्णता जास्त तर मलमही जास्त, आणि त्यांनी अख्खी नळी पिळली. ते मलम पुढे काही दिवस सरांच्या चष्म्यावर, दाराच्या कडीवर आणि एका पाहुण्याच्या सदऱ्यावर सापडत राहिलं. पण ठोकळा बसला. बसला म्हणजे एवढा उंच बसला की कॉम्प्युटरचं झाकण लागेना आणि शोकेसचं दार मिटेना.

त्यात सरांचं म्हणणं पडलं की पत्रे उभे असले तरच हवा वर जाईल. म्हणून कॉम्प्युटर उभा करायचा ठरला. तो उभा राहावा म्हणून सुतार बोलावून शोकेसच्या माथ्याला भोक पाडलं. भोकावर टीव्ही राहीना, म्हणून टीव्ही भिंतीवर चढवला, आणि भोकातून वर येणारी गरम हवा त्याला लागू नये म्हणून थेट छताजवळ नेला. आता टीव्ही बघायचा म्हणजे आकाशात पतंग बघितल्यासारखी मान करावी लागे. काकूंनी पेले स्वयंपाकघरात नेले आणि रिकाम्या दिसणाऱ्या माथ्यावर आपली मेणाची फळं ठेवली. लग्नाआधी एका प्रदर्शनात त्यांना ती बक्षीस मिळाली होती. सफरचंद, दोन पेरू आणि द्राक्षांचा घड, सगळं खऱ्यासारखं. परडी बरोबर भोकावर बसली, कारण भोक झाकायलाच ती ठेवली होती.

कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज नाही. सरांनी कान लावला, बिनतोडांनी कान लावला, सुतारानेही लावला. काही नाही. सर इतके हरखले की टेप अक्कासाठीच राखून ठेवून चाचणीला त्यांनी एक अख्खा लढाईचा सिनेमा लावून ठेवला आणि तिघं चहाला गेले. तोफांच्या आवाजात घूंऽऽ आहे की नाही हे कोण बघणार? परत आले तेव्हा सफरचंद पेरूंच्या अंगावर कललं होतं आणि द्राक्षं एक-एक करून भोकातून खाली उतरत होती.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "चांगलं चालतं म्हणायचं तुमचं अभिसरण," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

मेण खरवडून काढेपर्यंत नवंच प्रकरण उभं राहिलं. शोकेसच्या माथ्यावरून ऊबदार हवा येते, ही बातमी शेजारी राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मांजराला लागली. मांजर जाडजूड होतं. ते सज्ज्यावरून येऊन थेट भोकावर बसे. ते बसलं की हवेची वाट बंद, हवा कोंडली की कार्ड तापलं, आणि कार्ड तापलं की पडदा हिरवा. हाकललं तर दुसऱ्या खिडकीतून येई. चार दिवसांत त्याने आपल्या घरी जेवायला जाणंसुद्धा सोडलं.

सेक्रेटरी नियमाने चालणारे गृहस्थ. दाराला दार लागून असताना त्यांनी पत्र पाठवलं: "आपण उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणाद्वारे अन्य सभासदाच्या पाळीव प्राण्यास आकर्षित करून आपल्या घरी ठेवून घेतल्याची तक्रार कार्यालयाकडे आली आहे." तक्रार त्यांचीच, ती पोचल्याची सहीही त्यांचीच, आणि चौकशीला बोलावणारे तेच. तीस-पस्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं घेतलेल्या सरांना स्वतःचं नाव पुकारलं जाऊन उभं राहावं लागलं. त्यांनी उभं राहून उत्तर दिलं की त्यांनी प्राण्यास आकर्षित केलेलं नसून ऊब आणि मांजर यांच्यात मुळातच आकर्षण असतं. सेक्रेटरींनी विचारलं, त्याला पुरावा काय? तेव्हा सर खाली बसताच पुरावा त्यांच्या मांडीवर येऊन बसला, आणि प्रकरण आणखी बिघडलं. तोड अशी निघाली की अक्का येईल त्या दिवशी सेक्रेटरी स्वतः येतील आणि टेप संपेपर्यंत मांजर धरून बसतील.

अक्का सकाळी आली. प्रवासाने थकलेली, पण बसल्याबसल्या तिने छताजवळचा टीव्ही पाहिला आणि म्हणाली, "धाकट्या, शेजारी उंच आहेत का तुझे?" काकूंना कितीतरी दिवसांनी हसू फुटलं.

मग तयारी सुरू झाली. सरांना आता पूर्ण शांतता हवी होती. फ्रिज बंद केला, घड्याळातला सेल काढला, छतावरचा पंखाही बंद केला. दारं-खिडक्या लावून घेतल्या. अक्का सोफ्यावर, शेजारी काकू. बिनतोड न बोलावता आले होते. सेक्रेटरी मांजर घट्ट धरून खुर्चीत. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांना घाम. सरांनी रिमोट हातात घेतला आणि अक्काला म्हणाले, "आता ऐक हं. नीट ऐक."

पडद्यावर दुकान आलं, टेबल आलं, बाबा आले. अक्काने हात तोंडाशी नेला.

बाबांनी मान वर केली, ओठ हलले.

घूंऽऽ.

सगळ्यांच्या माना एकदम खाली, शोकेसकडे. सर उठले, त्यांनी ठोकळ्याला हात लावला. ठोकळा तळ्याच्या पाण्यासारखा स्वस्थ होता. काकू फ्रिज बघून आल्या. सेक्रेटरींनी संशयाने मांजराच्या पोटाला कान लावला. सरांनी टेप पुन्हा लावली. पुन्हा तेच. सरांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर आला. एवढ्यांदेखत, अक्कादेखत, नापास.

"थांबव रे तिथे," अक्का म्हणाली. "बाबांचा चेहरा बघू दे मला."

सरांनी बटण दाबलं. बाबा अर्धवट उघड्या तोंडाने थांबले. आणि घूंऽऽ थांबली.

खोली इतकी शांत झाली की बिनतोडांनी आवंढा गिळला तो सगळ्यांना ऐकू आला. सरांनी टेप सोडली, आवाज सुरू. थांबवली; आवाज बंद. पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. आधी कार्डाचा पंखा फिरत असे, तेव्हा टेप थांबवली तरी भुंगा चालूच राही, म्हणून आजवर हे कधी कळलंच नव्हतं. एका भुंग्याच्या मागे दुसरा लपला होता.

"सर, बिनतोड सांगतो," बिनतोड हळूच म्हणाले. "आवाज बाबांच्या खोलीतला आहे."

"आणि ते पान बघा," काकू म्हणाल्या. "वाऱ्याशिवाय फडफडतंय का ते?" क्षणभर थांबून त्यांनी एवढंच जोडलं, "आधी निरीक्षण..."

आधी निरीक्षण, मग अनुमान, हे वाक्य सर दरवर्षी फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि वर्षभर पुसू देत नसत. काकूंनी ते अर्धंच सोडलं, हा त्यांचा चांगुलपणा. सर रिमोट घेऊन नुसते उभे राहिले. मग ते खाली बसले, शोकेसला टेकून, जमिनीवरच.

"अक्का, माफ कर," ते म्हणाले. "तुला बाबांचा आवाज ऐकवीन म्हटलं होतं. नाही जमलं."

अक्का पडद्याकडेच बघत होती. काकूंनी तिच्या खांद्याला हात लावून तिला सरांकडे वळवलं तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणतोय तो? माझं कानाचं मशीन मघाशीच काढून ठेवलंय. घामाने शिट्टी मारत होतं."

बिनतोडांनासुद्धा यावर उपाय सुचला नाही.

"मोठ्याने बोलत जा जरा," अक्का म्हणाली. "आणि ते परत लाव. बाबा बोलतात तिथपासून."

सरांनी लावलं. बाबांनी मान वर केली. बाबांचे ओठ हलले आणि त्यांच्याबरोबर, अगदी त्याच ठेक्यात, अक्का बोलली.

"राहू दे चालू. आवाज करतो, पण धाकट्यानं आणलाय."

बाबा पुन्हा सुईत वाकले.

"मी तिथेच उभी होते की," अक्का सांगू लागली, जणू कालचीच गोष्ट. "यांनी कॅमेरा धरला होता आणि टेबलफॅन शेजारीच घूं घूं करत होता. टेपमध्ये आवाज जाईल म्हणून यांनी हातानेच खूण केली, बंद करू का म्हणून. तर बाबांनी करू दिला नाही. पानं उडायची, धागा गुंतायचा, एका हाताने दाबून धरायचे बिचारे. पण शेवटपर्यंत काढला नाही तो फॅन टेबलावरून."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यावर मलमाचा डाग होता, तो काही निघेना.

"मला कधी म्हणाले नाहीत," ते शेवटी म्हणाले. जरा मोठ्याने, अक्काला ऐकू जावं म्हणून.

"तुला कशाला म्हणतील? दुकानात जो येईल त्याला सांगायचे."

काकू उठल्या, त्यांनी छतावरचा पंखा लावला. तो करकरला, पण कोणाची तक्रार नव्हती. सेक्रेटरींनी कुठल्याही ठरावाशिवाय मांजर सोडलं; ते उडी मारून भोकावर जाऊन बसलं आणि सरांनी त्याला बसू दिलं.

"परत लावू?" सरांनी विचारलं.

"लाव ना."

"आवाज वाढवू का?"

"मला काय विचारतोस? तुला हवा तेवढा वाढव."

सरांनी रिमोटवरचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. घूंऽऽ खोलीभर झाली, शोकेसच्या काचा थरथरल्या, आणि वर छताजवळ पानाचा कोपरा फडफडत राहिला. बाबा हळूहळू हिरवे व्हायला लागले होते, पण तळवा पानावर घट्ट होता.